मोरबीचा झुलता पूल: पुणेकर वारंवार विचारतात ते प्रश्न

१५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसं गेली. त्यानंतर पुण्यात पुलांविषयी बोलणं निघालं की गुजरातमधल्या मोरबीचं नाव हमखास येतं. तिथला झुलता पूल २०२२ मध्ये तुटून १३५ जण गेले. त्या पुलाच्या इतिहासाबद्दल, तो पडला कसा याबद्दल आणि आपल्याकडच्या पुलांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

मोरबी नेमकं कुठे आहे? पूल कशाला कशाशी जोडत होता?

मोरबी सौराष्ट्रात, राजकोटच्या उत्तरेला, मच्छू नदीच्या काठी आहे. आज हे शहर फरशा आणि घड्याळं यांच्या कारखान्यांमुळे ओळखलं जातं. घरात नवी टाइल बसवली असेल, तर ती मोरबीहून आलेली असण्याची शक्यता बरीच आहे. स्वातंत्र्यापूर्वी हे जाडेजा घराण्याचं संस्थान होतं. स्वामी दयानंद सरस्वतींचं जन्मगाव टंकारा याच मुलखातलं. तेच दयानंद १८७५ साली महादेव गोविंद रानडे आणि मंडळींच्या निमंत्रणावरून पुण्यात येऊन व्याख्यानं देऊन गेले.

पूल पायी चालणाऱ्यांसाठी होता. एका काठाला दरबारगढ राजवाडा, तर पलीकडे आज लखधीरजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे तो भाग. लांबी सुमारे २३० मीटर आणि रुंदी फक्त सव्वा मीटर, म्हणजे समोरून माणूस आला तर अंग चोरून जावं लागेल इतकीच. पुढचं सगळं समजून घेताना ही सव्वा मीटर रुंदी ध्यानात ठेवा.

तो बांधला कोणी आणि कधी?

मोरबीचे ठाकोरसाहेब वाघजी यांच्या कारकिर्दीत. साल मात्र दोन प्रकारे सांगितलं जातं. २० फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते उद्घाटन झालं, ही एक नोंद. दुसरीकडे १८८७ हे साल दिलेलं असतं. टेंपल १८७७ ते १८८० या काळात गव्हर्नर होते, तेव्हा त्यांच्या हस्ते उद्घाटन झालं असेल तर ते १८८७ साली होणं शक्य नाही. बांधकामाला त्या काळी सुमारे साडेतीन लाख रुपये लागल्याचं सांगतात आणि सामान इंग्लंडहून आलं होतं.

वाघजींना युरोपातल्या नव्या तंत्राची ओढ होती. संस्थानात त्यांनी रेल्वे आणली, शहराची बाजारपेठ आखून बांधली. राजवाड्यापासून नदीपार नेणारा लोखंडी दोरांचा पूल हा त्याच हौसेचा भाग होता. तो ओझ्याच्या गाड्यांसाठी नव्हता. नदीवरून सावकाश चालत जावं, वारा खावा, यासाठी तो होता.

रिचर्ड टेंपल म्हणजे दुष्काळातले तेच का?

हो, तेच. १८७६–७८ च्या महादुष्काळात सरकारने त्यांना पाहणीसाठी पाठवलं होतं. दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरे, असं त्यांनी ठरवलं. दख्खनच्या उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरणार नाही, असं पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला पुन्हा पुन्हा लिहून कळवलं. गावागावांतून माहिती गोळा करून केलेली ती मांडणी पुण्याच्या सार्वजनिक जीवनातलं अभिमानाने सांगावं असं काम आहे. त्यानंतर हेच टेंपल गव्हर्नर म्हणून आले. पावसाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीत असे, जिथे आज विद्यापीठ आहे. पुण्याच्या आणि मोरबीच्या इतिहासाला जोडणारा हा एक धागा पुष्कळांना ठाऊक नसतो.

झुलता पूल उभा राहतो तरी कसा?

कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांसमोर आणा. दोरी अगदी ताठ ओढून बांधली की ओल्या चादरीच्या वजनाने खिळा उपटून येतो. थोडी सैल सोडली, मधे झोळ पडू दिला, की तीच दोरी तीच चादर निमूट पेलते. झुलत्या पुलाचं सगळं गणित याच झोळात आहे. दोराचा झोळ गाळ्याच्या, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या अंतराच्या, एक दशांश ठेवला तर दोरांतला आडवा ताण पुलावरच्या एकूण भाराच्या साधारण सव्वापट होतो. झोळ निम्मा, म्हणजे एक विसांश केला तर ताण अडीचपट. पूल सपाट दिसावा म्हणून दोर जितका ताठ ओढाल तितका तो जास्त राबतो.

दोन्ही काठांवर मनोरे असतात. दोर त्यांच्या माथ्यावरून जाऊन मागे जमिनीत, दगडी किंवा काँक्रीटच्या वजनदार ठोकळ्यात पुरलेला असतो. मुख्य दोरांना ठरावीक अंतरावर उभे लोखंडी गज टांगलेले असतात आणि त्या गजांवर चालायची वाट बसवलेली असते. माणसाचं वजन वाटेवरून गजात जातं, गजातून दोरात, दोरातून मनोऱ्यात आणि शेवटी जमिनीत. या साखळीतली कुठलीही एक कडी कच्ची असली तर बाकीच्या कितीही मजबूत असल्या तरी उपयोग नसतो.

आता दोराबद्दल. मोरबीचा मुख्य दोर सात पेडांचा होता आणि प्रत्येक पेडात सात पोलादी तारा, अशा एकूण ४९ तारा. तारांचा पीळ घट्ट असतो. बाहेरून रंग दिला की दोर नव्यासारखा दिसतो. पाणी मात्र पिळातून आत शिरतं, तिथेच राहतं आणि गंज आतून पसरतो. दोर मनोऱ्यावरून वळतो ती जागा आणि तो जमिनीत शिरतो ती जागा, या दोन ठिकाणी हा धोका सर्वांत जास्त, कारण तिथे ओल अडकते आणि नजर पोचत नाही.

मग पुण्यात इंग्रजांनी असे पूल का नाही बांधले?

गरज नव्हती. मुळा-मुठेचं पात्र रुंद असलं तरी तळाशी काळा पाषाण फार खोल नाही. पायासाठी दगड लागतो आणि खांबासाठीही दगडच, दोन्ही हाताशी. नदीच्या मधोमध खांब उभे करता येत असतील तर दगडी कमानींचा पूल बांधायला सोपा, सांभाळायला त्याहून सोपा, आणि त्यावरून बैलगाड्या, तोफा, पुढे मोटारी काहीही जाऊ शकतं. झुलता पूल लागतो तो खोल दरी, वेगवान प्रवाह किंवा नावांची ये-जा यांमुळे मधे खांब नको असेल तिथे.

पुण्याचे जुने पूल पाहा. लकडी पूल मुळात पेशवाईतला, नानासाहेबांच्या काळातला, नावाप्रमाणे लाकडी. तो गेल्यावर त्याच जागी दगडी पूल आला. बंडगार्डनचा जुना फिट्झजेराल्ड पूल १८६७ च्या सुमाराचा, दगडी कमानींचा. पुलांवर काम करायला माणसंही इथेच तयार होत होती. आजचं सीओईपी, म्हणजे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, १८५४ साली सुरू झालं ते सार्वजनिक बांधकामाला माणसं मिळावीत म्हणूनच.

वांद्रे–वरळी सी लिंक झुलता पूलच ना?

नाही. तिथे मनोऱ्यापासून तिरक्या केबल थेट रस्त्याच्या तुळईला जाऊन धरतात. कोलकात्याचा विद्यासागर सेतूही तसाच. मोरबी, ऋषिकेशचा लक्ष्मण झुला, न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल इथे मनोऱ्या-मनोऱ्यांमधून जाणारा एक झोळदार मुख्य दोर असतो आणि बाकी सगळं त्याला टांगलेलं असतं. पहिल्या प्रकारात एखादी केबल बदलायची तर तशी सोय आधीच करून ठेवता येते. दुसऱ्यात मुख्य दोर गेला की सगळंच गेलं.

१९७९ मध्ये मोरबीचं धरण फुटलं होतं ना? त्यात पूल वाचला?

११ ऑगस्ट १९७९ रोजी शहराच्या वर असलेलं मच्छू-२ हे धरण फुटलं. मातीचा भराव अतिवृष्टीच्या पाण्याने वाहून गेला आणि मोरबी शहर बुडालं. मृतांचा आकडा आजही वादात आहे. दीड-दोन हजारांपासून त्याच्या कित्येक पटींपर्यंत अंदाज दिले जातात. त्या पुरानंतरही आणि २००१ च्या भूकंपानंतरही लोक या पुलावर जातच राहिले.

पुण्यातल्या जुन्या पिढीला हे वाचताना पानशेत आठवल्याशिवाय राहत नाही. १२ जुलै १९६१, आंबी नदीवरचं मातीचं नवं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दोन्ही शहरांना एकाच प्रकारचा घाव आहे. नारायण पेठेत, शनिवार पेठेत पाणी कुठवर आलं होतं हे आजही लोक भिंतीकडे हात करून दाखवतात. त्यामुळे मोरबीवर २०२२ मध्ये पुन्हा नदीतून माणसं काढायची वेळ आली, तेव्हा त्या शहरावर काय गुदरलं असेल हे पुण्याला वेगळं सांगावं लागत नाही.

३० ऑक्टोबर २०२२ ला काय घडलं?

पूल दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता. २६ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे दिवाळी पाडवा आणि गुजरातेत नवं वर्ष त्या दिवशी, तो लोकांसाठी उघडला. चारच दिवसांनी, रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, प्रवाहाच्या वरच्या अंगाचा मुख्य दोर तुटला. वाट एका कुशीवर पलटली आणि माणसं मच्छूत पडली. १३५ जण गेले. त्यांत लहान मुलं खूप होती. सुट्टीचा दिवस, दिवाळीतले नवे कपडे, घरची सगळी एकत्र. काही कुटुंबांत मागे रडायलाही कोणी उरलं नाही.

चौकशीत पुढे आलं की त्या दिवशी ३,१६५ तिकिटं विकली गेली होती आणि पूल तुटला त्या क्षणी सुमारे ३०० माणसं त्यावर होती. मुलं-मोठे धरून माणशी साठ किलोच्या हिशेबाने हे १८ टन होतात, सव्वा मीटर रुंदीच्या वाटेवर. पूल एका वेळी किती माणसं पेलू शकतो हे ठरवून, मोजून आत सोडायची व्यवस्था तिथे नव्हती.

काही पोरांनी मुद्दाम हलवला म्हणून तुटला, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, कारण तशी चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली आहे. उत्तर असं की हलवण्याने ताण वाढतो हे खरं, पण त्यामुळे धडधाकट पूल तुटत नाही.

एका तालात पडणाऱ्या पावलांनी झुलते पूल तुटल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. १८३१ मध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा पूल कवायतीच्या तालात चालणाऱ्या सैनिकांखाली कोसळला. तेव्हापासून पुलावर ताल मोडून चालायचा हुकूम देण्याची रीत पडली. १८५० मध्ये फ्रान्समध्ये आंजे इथे सैनिकांची तुकडी पुलावर असताना पूल कोसळून दोनशेहून अधिक सैनिक गेले. तिथे वादळ होतं आणि जमिनीत पुरलेल्या टोकाशी तारा गंजलेल्याही होत्या. दोन्ही घटनांचा धडा एकच: ताल हे निमित्त होतं, आणि दुबळा भाग आधीपासूनच तिथे होता.

मोरबीतही तसंच. तुटलेल्या दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, कदाचित आधीच तुटलेल्या होत्या, असं विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात नोंदलेलं आहे. म्हणजे त्या संध्याकाळी त्या दोराचा भार बहुतेक उरलेल्या २७ तारांवरच होता. चार पोरांकडे बोट दाखवलं की या २२ तारांचा प्रश्न विचारायचा राहून जातो. गेलेल्यांत ती पोरंही असतील, याचाही विचार करावा.

पण दुरुस्ती तर नुकतीच झाली होती?

झाली होती, आणि हीच यातली सगळ्यांत जीवघेणी गोष्ट आहे. पूल बंद असता, गंजका दिसत असता, तर निदान काही जण कचरले असते. नवा रंग आणि चकचकीत फरसबंदी पाहून लोक निर्धास्त झाले.

मुख्य दोर उघडून तपासला नव्हता, बदलला नव्हता. जुन्या लाकडी फळ्या काढून त्या जागी ॲल्युमिनियमची वाट बसवली गेली. लाकडी फळ्या सुट्या सुट्या असतात, पुलाबरोबर वाकतात. नवी वाट ताठ होती आणि तिने पुलाचं वजनही वाढवलं. मुख्य दोराला टांगलेले जुने गज पूर्ण न बदलता त्यांना नवे तुकडे वेल्डिंगने जोडले गेले. टांगत्या गजाला दोन्ही टोकांशी थोडं हलता आलं पाहिजे. जोडकाम केलेला ताठ गज ते करू देत नाही आणि ताण नको तिथे साठतो. एवढं सगळं करून, उघडण्यापूर्वी भारचाचणी झाली नाही. भारचाचणी म्हणजे वाळूची पोती किंवा पाण्याच्या टाक्या ठेवून, माणूस न चढवता, पूल किती खाली येतो आणि पुन्हा किती वर जातो हे मोजणं. अवघड काहीच नाही. वेळ लागतो आणि उद्घाटन पुढे जातं, इतकंच.

जबाबदार कोण ठरलं?

पूल नगरपालिकेचा होता. तो चालवायला आणि सांभाळायला एका खासगी कंपनीकडे दिला होता, जिचा मूळ व्यवसाय घड्याळांचा. मार्च २०२२ मध्ये पंधरा वर्षांचा करार झाला. घटनेनंतर लगेच नऊ जणांना अटक झाली. त्यांत व्यवस्थापक होते, ठेकेदार होते, आणि तिकीट खिडकीवरचे कारकून व पहारेकरीही होते. कंपनीच्या प्रमुखाने जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयात शरणागती पत्करली. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि मृतांच्या वारसांना प्रत्येकी दहा लाख, जखमींना दोन लाख अंतरिम भरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला. एप्रिल २०२३ मध्ये नगरपालिका बरखास्त झाली.

तिकीट फाडणाऱ्या कारकुनाला तारांतला गंज कसा कळणार होता? ज्याला कळायला हवं होतं आणि ज्याच्या सहीने पूल उघडला, त्याच्याकडे आधी पाहिलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

कुंडमळ्याचा पूल मोरबीसारखाच होता का?

बांधणीने नाही. तो खांबांवर टेकलेला लोखंडी पूल होता, शेतकऱ्यांनी नदी ओलांडावी म्हणून बांधलेला. साम्य आहे ते परिस्थितीत. दोन्ही रविवार. दोन्ही अरुंद पूल. दोन्हीकडे माणसं पलीकडे जायला नव्हे, तर नदी पाहायला थांबलेली. पायी जाणाऱ्यांच्या पुलावर धोका असतो तो या थांबण्यात. चालती माणसं अंतर ठेवून विखुरलेली असतात. थांबलेली माणसं एका बाजूच्या कठड्याला जमतात आणि भार एकवटतो. कुंडमळ्याला पूल धोकादायक असल्याचे फलक होते, तरी माणसं पुलावर होती. फलकाने माणसं थांबत नाहीत. तिथे दोन्ही तोंडांना पक्की भिंत घालावी लागते किंवा पूल काढून टाकावा लागतो. अर्थात गावाला पलीकडे जायची दुसरी वाट आधी द्यायला हवी, नाहीतर शाळेची पोरं ती भिंत चढून जातील.

म्हणजे जुने पूल सगळे धोक्याचे?

अजिबात नाही. वेल्समधला मेनाईचा झुलता पूल १८२६ चा, ब्रिस्टलचा क्लिफ्टन पूल १८६४ चा, म्हणजे दोन्ही मोरबीपेक्षा जुने आणि दोन्ही उभे. मेनाईच्या साखळ्या विसाव्या शतकात बदलल्या. क्लिफ्टनचं उदाहरण आपल्या गणेशोत्सवाच्या शहराने तर मुद्दाम लक्षात घ्यावं. २००३ मध्ये जवळच्या महोत्सवांना येणाऱ्या गर्दीचा भार फार होतो हे दिसल्यावर, अशा मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी तो पूल गाड्यांना आणि पायी जाणाऱ्यांनाही बंद ठेवायचं ठरलं. काही पडण्याची वाट पाहिली नाही. आपल्याकडे लक्ष्मण झुलाही तज्ज्ञांच्या अहवालानंतर २०१९ मध्ये बंद केला गेला. भाविकांची गैरसोय झाली, पण कोणाचा जीव गेला नाही.

उलट बाजूला महाड आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, एसटीच्या गाड्यांसकट. दगडी पूल गंजत नाही हे खरं, पण पाणी त्याच्या पायाखालची माती उकरतं आणि ती जागाही डोळ्यांआड असते.

सहलीला गेल्यावर असा पूल समोर आला तर काय पाहावं?

दोर आपल्याला उघडून पाहता येणार नाही. पण टांगत्या गजांपैकी एखादा सैल लोंबतो आहे का, बाकीचे ताठ असताना? दोर जमिनीत शिरतो तिथे पाणी साचलंय का, तांबूस ओघळ आलाय का? वाट एका बाजूला कललेली आहे का? आणि पुलावर किती माणसं आहेत? कठड्याला खेटून गर्दी उभी असेल तर ती ओसरेपर्यंत काठावर थांबा, मुलांनी हट्ट केला तरी. पुलाच्या मधोमध फोटोसाठी थांबू नका. दुचाकी घालू नका. पावसाळ्यात पाणी वाटेला टेकायला आलं असेल तर परत फिरा.

धोकादायक पूल दिसला तर कळवायचं कुठे?

पूल कोणाचा आहे यावर ते ठरतं. शहरातला असेल तर महापालिका, राज्य रस्त्यावरचा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, गावरस्त्यावरचा किंवा साकव असेल तर जिल्हा परिषद, धरण-कालव्यावरचा असेल तर जलसंपदा विभाग. कोणाचा ते कळत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रारीत नदीचं नाव, जवळचं गाव, नेमकं काय दिसलं आणि तारीख लिहा, फोटो जोडा. शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, त्याचा अहवाल आणि भारचाचणीची नोंद माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत यायला हवं. पुलावर गर्दी अडकली असेल किंवा पूल हलताना, कलताना दिसत असेल तर अर्जाच्या मागे न लागता ११२ ला फोन करा.